साताऱ्याचा शेतकरी इराकात कशासाठी गेला? पहिल्या महायुद्धाची मुळं

सातारा जिल्ह्यात आणि कोकणात फिरताना काही गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी संगमरवरी पाटी दिसते. मजकूर दोन ओळींचा. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नसतात, फक्त आकडे. कुठे रंगाचे हात बसून अक्षरं बुजलेली असतात, कुठे समोर सायकली लावलेल्या असतात.

अशी पाटी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. शाळेत आपण पाठ केलं होतं की ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि पहिलं महायुद्ध पेटलं. दोन मार्कांना तेवढं पुरतं. पण बोस्नियात एका युवराजाला गोळी लागते आणि त्यापायी साताऱ्याचा माणूस बसऱ्याच्या चिखलात मरतो, या दोन गोष्टींच्या मध्ये नेमकं काय आहे? मध्ये बरंच काही आहे. सर्बियाची डुकरं आहेत, फ्रेंच शाळामास्तरांची शिल्लक आहे, रशियाचा गहू आहे, जर्मन रेल्वेचं वेळापत्रक आहे आणि इराणातलं तेल आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे युद्ध व्यापाऱ्यांनी लावलं असं मला वाटत नाही. पण व्यापार, कर्ज आणि करांच्या राजकारणानं पंचवीस-तीस वर्षांत प्रत्येक देशाच्या माघारीच्या वाटा एकेक करून बुजवल्या. जुलै 1914 मध्ये राज्यकर्ते जेव्हा मागे वळून बघायला लागले, तेव्हा मागे वाटच उरली नव्हती, किंवा ती उरली नाही असं त्यांना ठामपणे वाटत होतं.

खून

28 जून 1914. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून पुण्याला परत आले त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. तिकडे बोस्नियाची राजधानी सारायेव्हो इथे ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड बायकोसह दौऱ्यावर आला होता. सकाळी त्याच्या मोटारीवर एकानं बॉम्ब टाकला, तो मागच्या गाडीखाली फुटला आणि काही जण जखमी झाले. युवराज नगरभवनात गेला, तिथला सत्कार उरकला आणि म्हणाला, जखमींना भेटायला दवाखान्यात जाऊ. मार्ग बदलायचा ठरलं, पण ते ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नाही. लॅटिन पुलाजवळ गाडी जुन्या मार्गानं वळली, चूक लक्षात आल्यावर थांबली, आणि थांबली ती नेमकी गावरिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या पोरासमोर. त्यानं दोन गोळ्या झाडल्या. युवराज आणि त्याची बायको सोफी, दोघंही गेले.

प्रिन्सिप बोस्नियातला सर्ब. पिस्तूल आलं होतं शेजारच्या सर्बियातून, तिथल्या लष्करी हेरखात्याच्या प्रमुखानं चालवलेल्या एका गुप्त संघटनेकडून. ज्याला मारलं तो फर्डिनांड मात्र सर्बियाशी युद्ध करायच्या विरोधात होता. ऑस्ट्रियाचा सरसेनापती कॉनराड यानं 1913 या एका वर्षात वीसहून जास्त वेळा सर्बियावर चाल करायचा प्रस्ताव मांडला होता, आणि त्याला आवर घालणाऱ्यांत फर्डिनांडचं वजन सगळ्यात मोठं होतं. म्हणजे त्या दोन गोळ्यांनी युद्धाला निमित्त मिळालं आणि दरबारातला युद्धाचा विरोधकही नाहीसा झाला.

डुकरांचं भांडण

ऑस्ट्रिया आणि सर्बिया यांचं एवढं काय बिनसलं होतं? पुस्तकात उत्तर असतं, ‘राष्ट्रवाद’. ते खरंच आहे. ऑस्ट्रिया-हंगेरी म्हणजे पाच कोटींच्या वर लोकांचं आणि दहा-बारा भाषांचं साम्राज्य. त्यात लाखो सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन राहत होते, आणि दक्षिणेला असलेला छोटा स्वतंत्र सर्बिया त्यांना ‘आपण सगळे एक’ म्हणून साद घालत होता. असल्या हाकेनं साम्राज्याच्या भिंती खिळखिळ्या होतात. पण या भावनेला धार कशी आली ते समजून घ्यायचं तर बाजारात जायला हवं.

1900 च्या सुमारास सर्बिया म्हणजे शेतकऱ्यांचा देश. विकायला काय? मुख्यतः गुरंढोरं, डुकरं, धान्य आणि वाळवलेले आलुबुखार. समुद्रकिनारा नाही, चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या सीमा. त्यामुळे सर्बियाचा बहुतेक सगळा माल एकाच गिऱ्हाइकाकडे, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीकडे जायचा. एकाच अडत्याकडे माल घालणाऱ्या शेतकऱ्याची गत काय होते ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

1903 मध्ये सर्बियात राजाचा खून होऊन दुसरं घराणं गादीवर आलं आणि त्यानं ऑस्ट्रियाकडे पाठ करून रशियाशी सूत जमवलं. शेजारच्या बल्गेरियाशी जकातीचा वेगळा करार करायची खटपट केली. तोफा घ्यायच्या होत्या त्या ऑस्ट्रियाच्या स्कोडा कारखान्याकडून न घेता फ्रान्सकडून घ्यायचं ठरवलं. व्हिएन्नानं, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारनं, विचार केला की नाक दाबलं की तोंड उघडेल. 1906 मध्ये सर्बियन डुकरांना आणि गुरांना सीमा बंद करण्यात आली. हंगेरीतल्या जमीनदारांनाही ते हवंच होतं, कारण स्वस्त सर्बियन मालाची स्पर्धा टळत होती. हा झगडा इतिहासात ‘डुकरांचं युद्ध’ म्हणूनच नोंदला गेला आहे.

सर्बियाचं नाक दाबलं, पण तोंड काही उघडलं नाही. त्यांनी कत्तलखाने आणि मांसाचे कारखाने काढले, सालोनिका बंदरातून माल बाहेर पाठवला, नवी गिऱ्हाइकं शोधली. जर्मनी हा ऑस्ट्रियाचा जिवलग मित्र, पण सर्बियन माल घेणाऱ्यांत तोही पुढे होता. फ्रान्सनं कर्ज दिलं आणि त्या कर्जातून फ्रेंच तोफा घेतल्या गेल्या. चार-पाच वर्षांनी सीमा पुन्हा उघडली तोवर सर्बियाला ऑस्ट्रियाची गरज पूर्वीसारखी उरली नव्हती. धाक दाखवायचा बिनलढाईचा उपाय ऑस्ट्रियानं वाया घालवला होता. पुढच्या वेळी धाक दाखवायला लष्करच उरणार होतं. मला हा सगळा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तो जवळजवळ सापडत नाही.

या भांडणाच्या ऐन मध्यात, 1908 मध्ये, ऑस्ट्रियानं बोस्निया अधिकृतपणे आपल्या साम्राज्याला जोडून टाकला. सर्बिया चडफडला. रशियाला त्याची बाजू घ्यायची होती, पण जपानकडून मार खाऊन तो नुकताच उठत होता, आणि 1909 मध्ये जर्मनीनं डोळे वटारल्यावर त्याला गप्प बसावं लागलं. हा अपमान रशियन दरबार विसरला नाही. मग 1912-13 च्या बाल्कन युद्धांत सर्बियाचा मुलूख जवळपास दुप्पट झाला. त्याचं सैन्य एड्रियाटिक समुद्रापर्यंत पोचलं, स्वतःचं बंदर दृष्टीच्या टप्प्यात आलं. ऑस्ट्रियानं तिथेही आडवं पडून अल्बेनिया नावाचा वेगळा देश उभा करवला आणि सर्बियाला समुद्रापासून मागे रेटलं. 1914 साली हे दोन शेजारी कोणत्या मनःस्थितीत होते याचा आता अंदाज येईल.

कर्ज आणि दोस्ती

पण ही तर दोघांच्या बांधावरची भांडणं. यात फ्रान्स, जर्मनी, रशिया कसे ओढले गेले?

त्यासाठी 1871 मध्ये जावं लागतं. प्रशिया या जर्मन राज्यानं फ्रान्सचा पराभव केला, व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा केली, अल्सास-लोरेन हे प्रांत घेतले आणि वर 500 कोटी फ्रँकची खंडणी लादली. फ्रान्सनं ती मुदतीआधी फेडली, पण प्रांत गेल्याचा सल कायम राहिला. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क हुशार होता. फ्रान्सला दोस्त मिळता कामा नये, विशेषतः रशिया तर नाहीच, हे त्याचं सूत्र. म्हणून त्यानं ऑस्ट्रिया आणि इटलीबरोबर करार केला आणि रशियालाही वेगळ्या गुप्त करारानं बांधून ठेवलं.

तरी त्याच्याच कारकिर्दीत एक गाठ सुटली, आणि ती पैशाची होती. रशियाला रेल्वे आणि कारखाने उभारायला परदेशी पैसा लागायचा, आणि त्यातला बराचसा बर्लिनमधून यायचा. 1887 मध्ये बिस्मार्कनं रशियावर दाब आणायला एक फर्मान काढलं. रशियन कर्जरोखे तारण ठेवून जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेनं यापुढे पैसे द्यायचे नाहीत. रोख्यांचा भाव पडला आणि रशियानं पॅरिसचा रस्ता धरला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पहिलं मोठं कर्ज उभं राहिलं. 1890 मध्ये कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसऱ्या विल्हेल्मनं बिस्मार्कला घरी पाठवलं, रशियाबरोबरचा गुप्त करार पुन्हा करायचं टाळलं, आणि 1894 पर्यंत फ्रान्स आणि रशिया यांची लष्करी युती पक्की झाली. आधी सावकारी जुळली आणि मागून सोयरीक.

हे कर्ज देणारे कोण होते? फ्रान्समधले सामान्य बचत करणारे लोक. दुकानदार, शाळामास्तर, निवृत्त कारकून. बँका त्यांना रशियन रोखे ‘सुरक्षित गुंतवणूक’ म्हणून विकत आणि ते विश्वासानं घेत. 1914 पर्यंत फ्रान्सच्या परदेशी गुंतवणुकीचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या रशियात होता. घेणेकरी बुडाला तर सावकारही बुडतो. रशिया लढाईत हरला तर फ्रान्सची सुरक्षितता जाणार होतीच, शिवाय घराघरातली शिल्लक जाणार होती. (शेवटी ती गेलीच. 1918 मध्ये रशियातल्या क्रांतीनंतरच्या बोल्शेविक सरकारनं जारची, म्हणजे आधीच्या सम्राटाची, सगळी कर्जं नाकारली आणि ते रोखे कपाटात पडून राहिले.)

फ्रान्स कर्ज देताना अटही घालायचा. युद्धाच्या तोंडावर जे मोठं कर्ज ठरलं त्यात अट होती की रशियानं आपल्या पश्चिम सीमेकडे, म्हणजे जर्मनीच्या दिशेनं, लष्करी उपयोगाचे लोहमार्ग बांधावेत. आता हे जर्मन सेनापतीच्या चष्म्यातून बघा. रशियाकडे माणसं अगणित, पण ती सीमेवर पोचायला आठवडेच्या आठवडे लागतात. जर्मनीची सगळी युद्धयोजना या दिरंगाईवर उभी होती. आधी सगळी ताकद लावून सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचं, मग गाड्यांत बसून पूर्वेला जायचं आणि तोवर जागं होत असलेल्या रशियाला गाठायचं. नवे मार्ग झाले, रशियाचा सैन्यवाढीचा कार्यक्रम 1917 मध्ये पुरा झाला, की ही योजना रद्दी. त्यामुळे बर्लिनच्या लष्करी मुख्यालयात 1912 पासून एकच सूर निघत होता. युद्ध होणारच असेल तर जितकं लवकर तितकं बरं.

पोलाद, गहू आणि आरमार

जर्मनी भित्रा होता का? नव्हता. त्या वेळी युरोपात सगळ्यात झपाट्यानं वाढणारा मोठा देश तोच होता. 1871 मध्ये त्याची लोकसंख्या सुमारे 4 कोटी 10 लाख होती, 1914 मध्ये 6 कोटी 70 लाखांच्या आसपास. 1913 मध्ये जर्मनीनं सुमारे 1 कोटी 76 लाख टन पोलाद काढलं. ब्रिटननं काढलं 77 लाख टन. कृत्रिम रंगांचा जगाचा बाजार तर जवळजवळ जर्मनीच्या मुठीत होता. आपल्या मुंबईच्या गिरण्यांतलं कापड रंगायचं ते जर्मन रंगांनी, आणि कृत्रिम निळीनं भारतातली नीळीची शेती आधीच झोपवली होती.

एवढं बळ असूनही भीती का, याचं उत्तर जर्मनीच्या घरात मिळतं. जर्मनीत मतदानाचा हक्क सगळ्या प्रौढ पुरुषांना होता, पण सत्ता होती कैसर, लष्कर आणि पूर्वेकडच्या बड्या जमीनदारांच्या हातात. जमीनदारांना स्वस्त रशियन धान्य नको होतं, म्हणून धान्यावर जबर जकात. कारखानदारांना लढाऊ जहाजांची कंत्राटं हवी होती. दोघांनी एकमेकांची पाठ खाजवली. धान्याच्या जकातीला तुम्ही हात वर करा, आरमाराच्या खर्चाला आम्ही करतो. महाग पाव खाणारा कामगार मात्र समाजवाद्यांकडे गेला, आणि 1912 च्या निवडणुकीत समाजवादी पक्ष 110 जागा घेऊन संसदेतला सगळ्यात मोठा पक्ष झाला. सत्ताधाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकायला लागली. शस्त्रांसाठी आणखी कर लावायचे तर ते कुणावर? जमीनदार स्वतःवर लावू देईनात, कामगारांवर लावले तर समाजवादी वाढणार. म्हणजे शस्त्रस्पर्धा फार वर्षं ओढता येणार नाही हे दिसत होतं. बाहेरच्या घड्याळासारखंच हे आतलंही घड्याळ टिकटिकत होतं.

आरमाराचं प्रकरण मात्र निव्वळ हट्टाचं. जर्मनीला खंडावरचं सगळ्यात बलाढ्य सैन्य पुरेसं होतं. पण कैसरला ब्रिटनसारखं आरमार हवं होतं. 1898 आणि 1900 मध्ये कायदे करून टिर्पिट्झ या नौसेनानीनं जहाजबांधणी सुरू केली. ब्रिटन हे बेट. त्याला लागणाऱ्या गव्हापैकी सुमारे चार पंचमांश गहू समुद्रावरून येई. समुद्र दुसऱ्याच्या ताब्यात जाणं म्हणजे त्यांच्यासाठी उपासमार. ब्रिटननं 1906 मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही नव्या तऱ्हेची युद्धनौका काढली, तिच्यापुढे आधीची सगळी जहाजं जुनी ठरली, आणि दोघांची शर्यत जुंपली. या शर्यतीत जर्मनी ब्रिटनला गाठू शकला नाही, पण ब्रिटनला शत्रूच्या गोटात ढकलायचं काम त्यानं चोख केलं. 1904 मध्ये ब्रिटननं फ्रान्सशी आणि 1907 मध्ये रशियाशी जुनी भांडणं मिटवून घेतली. वसाहतींवरून होणाऱ्या कुरबुरी, विशेषतः मोरोक्कोवरून 1905 आणि 1911 मध्ये झालेले दोन तंटे, यांनी त्या मैत्रीला आणखी घट्ट केलं.

या शर्यतीतून एक गोष्ट निघाली जी आपल्या पाटीकडे सरळ घेऊन जाते. जहाजं अधिक वेगानं पळावीत म्हणून ब्रिटिश आरमारानं कोळशाऐवजी तेल वापरायचं ठरवलं. ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक, तेल नाही. तेल होतं इराणात. 1908 मध्ये तिथे मस्जिद-ए-सुलेमान इथे विहीर लागली होती आणि नळानं ते तेल आखाताच्या टोकाशी आबादानच्या कारखान्यात येत होतं. जून 1914 मध्ये, सारायेव्होच्या काहीच दिवस आधी, ब्रिटिश पार्लमेंटनं त्या तेलकंपनीचा 51 टक्के हिस्सा सरकारनं घ्यायला मंजुरी दिली.

रशियाच्या गव्हाचीही अशीच गोष्ट. रशिया कर्ज फेडायचा ते धान्य विकून, आणि त्याचं बहुतांश धान्य काळ्या समुद्रातून, तुर्कस्तानच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून बाहेर पडायचं. 1912 मध्ये इटलीशी युद्ध चालू असताना तुर्कांनी ती सामुद्रधुनी काही आठवडे बंद केली तर रशियाची निर्यात धाडकन खाली आली. पुढच्या वर्षी त्या सामुद्रधुनीवरच्या इस्तंबूलमध्ये तुर्की सैन्याच्या तुकडीचा प्रमुख म्हणून एक जर्मन सेनापती येऊन बसला. रशियाच्या राजधानीत, पीटर्सबर्गमध्ये, काय वाटलं असेल? घराची एकच मोरी आणि तिच्या तोंडाशी शेजाऱ्याचा माणूस. सर्बियाला या वेळी वाऱ्यावर सोडलं तर बाल्कनमधला आपला शेवटचा पायही निघेल, हा रशियाचा हिशेब भावनेइतकाच धान्याच्या जहाजांचाही होता.

मग व्यापारामुळेच युद्ध झालं का?

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण समाजमाध्यमांवर ‘सगळी युद्धं बँकवाले लावतात’ हे वाक्य फार फिरतं. 1914 चा पुरावा तसं सांगत नाही. ब्रिटनच्या मालाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होतं आणि दुसऱ्या क्रमांकाचं जर्मनी. जर्मन व्यापारी जहाजांचे विमे लंडनमध्ये उतरवले जात. युद्ध झालं आणि ब्रिटिश आरमारानंच ती जहाजं बुडवली तरी भरपाई आम्हाला द्यावी लागेल, असं लंडनच्या विमेवाल्यांनी 1912 मध्ये सरकारला सांगितलं होतं. बगदाद रेल्वेवरून जर्मनी आणि ब्रिटन यांची वर्षानुवर्षं धुसफूस होती, पण 1914 च्या उन्हाळ्यापर्यंत त्यावर तडजोड झालेली होती. आणि युद्धाची चाहूल लागताच सगळ्यात आधी घाबरला तो पैशाचा बाजार. 27 जुलैला व्हिएन्नाचा शेअरबाजार बंद झाला, 31 जुलैला लंडनचा. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर तीन दिवसांत 3 वरून 10 टक्क्यांवर गेला. ज्यांना युद्ध हवं असतं त्यांचं असं होत नाही.

पण हेच लोक, हीच कर्जं आणि हेच लोहमार्ग यांनी दोन गट बांधून दिले होते. एकाला ओढलं की सगळे ओढले जाणार. आणि ओढायचा निर्णय मात्र मूठभर माणसांचा होता. त्यांची जबाबदारी ‘परिस्थिती’च्या माथी मारून मोकळं होणं मला पटत नाही.

शेवटचे दहा दिवस

खुनानंतर आठवड्याभरात ऑस्ट्रियाचा दूत बर्लिनला गेला. 5 आणि 6 जुलैला कैसर आणि त्याचा चान्सलर यांनी सांगितलं, तुम्ही सर्बियाचं काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. सही करून दिलेला हा कोरा चेक. माझ्या मते त्या महिन्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. यानंतर ऑस्ट्रियानं 23 जुलैला सर्बियाला 48 तासांचा निर्वाणीचा खलिता दिला. त्यात सर्बियात येऊन आमचे अधिकारी तपासात भाग घेतील अशी अट होती, जी कुठलाही स्वतंत्र देश मान्य करणार नाही. सर्बियानं बाकी जवळजवळ सगळं कबूल केलं. ते उत्तर 28 जुलैच्या सकाळी वाचून खुद्द कैसरनं कागदावर शेरा मारला की आता युद्धाचं कारणच उरत नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियानं युद्ध पुकारलं.

आता रशिया. जार निकोलस आणि कैसर विल्हेल्म नात्यातले, एकमेकांना घरगुती नावांनी तारा करत होते. 29 जुलैच्या रात्री अशीच एक तार आली आणि जारनं सबंध सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मंत्री आणि सेनापती त्याच्या मागे लागले. अर्धीमुर्धी जमवाजमव केली तर रेल्वेचा सगळा घोळ होईल आणि जर्मनीपुढे आपण उघडे पडू. दुपारी जार तयार झाला. रशियन सेनाप्रमुख आधीच म्हणून बसला होता की एकदा हुकूम मिळाला की मी माझा टेलिफोन फोडून टाकेन, म्हणजे तो पुन्हा मागे घ्यायला कुणी मला गाठूच शकणार नाही. कोट्यवधी माणसांचं नशीब एका फोनच्या तारेवर लोंबकळत होतं, आणि तो फोन बंद पडावा अशी त्या खोलीतल्या माणसांची इच्छा होती.

जर्मनीनं 1 ऑगस्टला रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच संध्याकाळी लंडनहून तार आली, जिचा अर्थ असा लावला गेला की फ्रान्सवर चाल केली नाही तर ब्रिटन बाजूला राहील. कैसर आनंदला. सेनाप्रमुख मोल्ट्केला म्हणाला, चला, सगळं सैन्य पूर्वेला वळवू. मोल्ट्के म्हणाला, शक्य नाही. लाखो माणसांची हालचाल आयत्या वेळी बदलता येत नाही, वर्षभर बसून केलेलं वेळापत्रक आहे. आणि ते वेळापत्रक खरंच तसं होतं. त्या पंधरवड्यात सुमारे 11,000 गाड्या धावणार होत्या, कोलोनच्या एका पुलावरून दर दहा मिनिटांना एक. तारेचा अर्थ चुकीचा लावला होता हे रात्री कळलं आणि कैसरनं हात टेकले. योजनेत फ्रान्सचा रस्ता बेल्जियममधून जात होता, म्हणून बेल्जियमवर हल्ला झाला. 1839 च्या करारानं बेल्जियमच्या तटस्थतेची हमी ब्रिटननंही दिली होती आणि प्रशियानंही. 4 ऑगस्टच्या रात्री ब्रिटन युद्धात उतरला. बेल्जियम हे कारण खरं होतं, पण त्याच्या पलीकडच्या किनाऱ्यावर विजयी जर्मनी बसलेला पाहणं ब्रिटनला परवडणारं नव्हतं हेही तितकंच खरं.

आणि आपण

ब्रिटनच्या राजानं युद्ध पुकारलं त्याच घटकेला हिंदुस्थान युद्धात होता. इथल्या कुणाला विचारलं गेलं नाही. पुढच्या चार वर्षांत 10 लाखांहून जास्त हिंदी सैनिक आणि मजूर समुद्रापार गेले, 74,000 च्या आसपास मेले. 1917 मध्ये हिंदुस्थान सरकारनं युद्धखर्चासाठी ब्रिटनला 10 कोटी पौंडांची ‘भेट’ जाहीर केली. ती कुणाच्या खिशातून गेली ते सांगायला नको.

16 ऑक्टोबर 1914 ला मुंबई बंदरातून पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड निघाली. तिच्यात 117 वी मराठा पलटण होती. तुर्कस्तानशी युद्ध तेव्हा सुरूही झालं नव्हतं. तरीही ही जहाजं आखातात बहारीनजवळ जाऊन थांबली, कारण आबादानचं तेल आणि आखातातला दबदबा, दोन्ही सांभाळायचे होते. 5 नोव्हेंबरला ब्रिटननं तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं. 6 तारखेला या ब्रिगेडचे सैनिक शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाव इथे उतरले. त्याच महिन्यात बसरा पडला. तेल सुरक्षित झालं होतं, पण सैन्य तैग्रिसच्या काठानं बगदादच्या दिशेनं पुढेच ढकललं गेलं. कूत इथे पुणे डिव्हिजनला वेढा पडला. पाच महिने उपासमार काढून, घोडी आणि खेचरं कापून खाऊन, 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 माणसं शरण गेली. त्यांत 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणींचे लोक होते. वाळवंटातून पायी चालवत नेताना आणि पुढे कैदेत त्यांतले हजारो मेले.

ऑक्टोबर 1918 च्या अखेरीस शर्कात इथे 114 वी मराठा पलटण लढली आणि त्या एकाच लढाईत तिला 28 शौर्यपदकं मिळाली. लढाई संपली 30 तारखेला, आणि त्याच दिवशी तुर्कस्ताननं युद्धबंदीच्या करारावर सही केली. इराकातलं ब्रिटिश सैन्य त्यानंतरही थांबलं नाही. ते उत्तरेला मोसूलपर्यंत गेलं आणि नोव्हेंबरमध्ये ते शहर ताब्यात घेतलं. मोसूलच्या प्रांतात तेल होतं.